थंड मेघांचा वर्णपट आणि नोएडातील बंद दार

‘अवकाशात जीवनाचे घटक सापडले’ हे वाक्य भारतातील वृत्तमाध्यमांत दर काही महिन्यांनी परत येते, आणि प्रत्येक वेळी असा शोध जणू प्रथमच लागला आहे अशा थाटात येते. रेणूचे नाव बदलते, दुर्बिणीचे नाव बदलते, वाक्य मात्र तेच राहते. ते धडधडीत खोटे असते असे नाही. आक्षेप वेगळा आहे. हे वाक्य वाचून विज्ञानाच्या विद्यार्थ्याला पूर्वीपेक्षा अधिक काहीच कळत नाही. रेणू वायुरूपात होता की बर्फात गोठलेला? तिथले तापमान किती होते? त्याची खूण कोणत्या तरंगलांबीवर दिसली? तीच खूण दुसऱ्या एखाद्या रेणूची नाही, हे कशावरून ठरले? आणि शोधूनही काय सापडले नाही? या पाच प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर न देणारी बातमी विज्ञानाचे नाव घेते, पण विज्ञान सांगत नाही.

हा आक्षेप पंडिती वाटू नये यासाठी हे निरीक्षण मुळात होते कसे, ते पाहणे आवश्यक आहे. ताऱ्यांच्या मधले अवकाश रिकामे नसते. तेथे वायू आणि धूळ यांचे मेघ असतात, आणि त्यांतील दाट मेघांच्या अंतर्भागात तापमान १० केल्विनच्या, म्हणजे उणे २६३ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. हे मेघ प्रामुख्याने हायड्रोजनच्या रेणूंचे बनलेले असतात, आणि नेमका हाच रेणू तेथे मूक असतो. त्याचे दोन्ही अणू सारखे असल्याने त्याला कायमचा विद्युत द्विध्रुव नाही. त्याच्या परिवलनाची सर्वांत कमी ऊर्जेची रेषा २८.२ मायक्रॉनवर, अवरक्त पट्ट्यात येते. पण ती उत्सर्जित करण्यासाठी रेणूला जी पातळी गाठावी लागते तिची ऊर्जा सुमारे ५१० केल्विनशी तुल्य आहे. १० केल्विनच्या मेघात तिथवर पोहोचणार कोण? ज्या द्रव्याचा मेघ बनला आहे तेच दिसत नाही. म्हणून साक्षीदार शोधावे लागतात. कार्बन मोनॉक्साइडसारखे अल्प प्रमाणात असलेले रेणू हा एक साक्षीदार, आणि धूळ हा दुसरा.

धूळ दोन प्रकारे साक्ष देते. १५ केल्विन तापमानाचा धूलिकण स्वतः प्रारण सोडतो, पण ते सर्वाधिक तीव्र असते २०० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे दूर अवरक्तात. दुसरी साक्ष शोषणाची. मेघामागे असलेल्या एखाद्या ताऱ्याचा प्रकाश मेघातून आपल्याकडे येतो तेव्हा त्याच्या वर्णपटात ठरावीक जागी खळगे पडतात. सिलिकेटच्या कणांचा खळगा ९.७ मायक्रॉनवर, पाण्याच्या बर्फाचा ३ मायक्रॉनजवळ, गोठलेल्या कार्बन डायऑक्साइडचा ४.२७ वर आणि गोठलेल्या कार्बन मोनॉक्साइडचा ४.६७ वर. वायुरूपातील कार्बन मोनॉक्साइड याच परिसरात बारीक रेषांची फणी उमटवतो. तोच रेणू बर्फात जखडला की त्याला गिरक्या घेता येत नाहीत. फणी नाहीशी होते आणि एकच पसरट खळगा उरतो. रेणू कोणत्या अवस्थेत आहे, हे सांगणारा पुरावा असा त्या खळग्याच्या आकारातच असतो.

अडचण अशी की खळग्याची नेमकी जागा आणि आकार शेजारी कोणते रेणू आहेत, बर्फ किती तापमानाचा आहे, कण केवढे आहेत, यांवरही अवलंबून असतो. आणि गुंतागुंतीच्या रेणूंचे खळगे तर एकमेकांवर चढलेले असतात. त्यामुळे पृथ्वीवरील प्रयोगशाळांत निर्वात पात्रात, अतिथंड पृष्ठभागावर तसेच बर्फ गोठवून त्यांचे वर्णपट घ्यावे लागतात. अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीत असे काम चालते. मोडी कागद वाचणारा जाणकार एका अक्षरावरून मजकूर ठरवत नाही. एकाच वळणाची दोन अक्षरे कशी फसवतात हे त्याला ठाऊक असते, म्हणून त्याच हाताची इतर अक्षरे तो आधी ताडून पाहतो. आंतरतारकीय वर्णपटाचे वाचन याच जातीचे काम आहे. ज्या बातमीतून हे ताडून पाहणेच गळते, त्या बातमीतून शोधाचा कणा गळतो.

जानेवारी २०२३ मधील उदाहरण घ्यावे. लायडेन वेधशाळेच्या मेलिसा मॅक्लुर यांच्या नेतृत्वाखालील ‘आइस एज’ गटाने जेम्स वेब दुर्बीण दक्षिण आकाशातील ‘कमीलिऑन-१’ या सुमारे ६०० प्रकाशवर्षे दूरच्या मेघाकडे वळवली आणि त्याच्यामागे लपलेल्या दोन ताऱ्यांचे वर्णपट घेतले. त्यांतील एका ताऱ्याचा दृश्य प्रकाश मेघातील धुळीने सुमारे ६० प्रतींनी मंदावतो. म्हणजे एकावर चोवीस शून्ये मांडून येणाऱ्या संख्येने त्याला भागावे लागेल. अवरक्तात मात्र तोच तारा वाचता येतो. त्या वर्णपटांत पाणी, कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, अमोनिया, मिथेन, मेथॅनॉल आणि कार्बोनिल सल्फाइड यांचे बर्फ ओळखता आले. बातमी येथवर आली आणि ‘जीवनाचे घटक’ या शब्दांपाशी थांबली.

वास्तविक त्या शोधनिबंधातील खरा थरार पुढेच होता. संशोधकांनी सापडलेल्या बर्फांतील ऑक्सिजन, कार्बन, नायट्रोजन आणि गंधक यांची बेरीज केली व मेघात हे द्रव्य किती असायला हवे याच्याशी ती ताडून पाहिली. हिशेब जुळला नाही. पहिल्या तीन मूलद्रव्यांचा थोडाच वाटा हाती लागला, आणि गंधकाचा तर अगदीच नगण्य. उरलेले गंधक कुठे आहे? खनिज कणांत अडकले आहे, काजळीसारख्या द्रव्यात आहे, की अवरक्ताला न दिसणाऱ्या एखाद्या रूपात आहे? हा आजच्या खगोलरसायनशास्त्रातील एक जिवंत प्रश्न आहे आणि बारावीच्या विद्यार्थ्यालाही तो समजू शकतो. ‘सापडले’ या शब्दाच्या हव्यासापायी ‘सापडत नाही’ ही अधिक मोलाची बातमी फेकून दिली गेली.

मार्च २०२४ मध्ये याचीच पुनरावृत्ती झाली. जेम्स वेबच्या मध्य-अवरक्त उपकरणाने जन्माला येत असलेल्या दोन ताऱ्यांभोवतीच्या बर्फात इथेनॉल असल्याचा भक्कम पुरावा मिळवला. ॲसिटिक आम्लाबाबत संशोधकांनी ‘शक्यता’ एवढाच शब्द वापरला. पण खुद्द नासाच्या प्रसिद्धिपत्रकाने मद्याचा पेला उंचावण्याचा विनोद शीर्षकातच केला, आणि पुढच्यांना तेवढेच पुरले. भक्कम पुरावा आणि शक्यता यांतील फरक, जो विज्ञानाच्या शिक्षणाचा पहिला धडा असायला हवा, तो विनोदाखाली गाडला गेला. तेव्हा दोष केवळ भारतीय माध्यमांचा नाही. दोष असा की भारतीय माध्यमे या परदेशी सवयीची उसनवारी करतात आणि तिच्यासोबत येणारा मूळ निबंध उघडूनही पाहत नाहीत.

असे उतावीळ वाचन किती महाग पडते याचा इतिहासही उपलब्ध आहे, आणि तो मराठी वाचकाच्या फार जवळचा आहे. १९८०च्या दशकाच्या आरंभी आकाशगंगेच्या केंद्राकडील एका अवरक्त उगमाच्या वर्णपटात ३.४ मायक्रॉनजवळ शोषण आढळले. फ्रेड हॉइल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांनी वाळवलेल्या जीवाणूंच्या वर्णपटाशी ते जुळवून दाखवले आणि आंतरतारकीय धूळ जैविक असल्याचे प्रतिपादन केले. आलेख खरोखरच जुळत होते. परंतु ३.४ मायक्रॉनवर जे कंपन दिसते ते कार्बन आणि हायड्रोजन यांच्यातील बंधाचे. तो बंध जीवाणूत असतो, तसा मेणात असतो, तेलात असतो, आणि कोणताही जीव कधी न लाभलेल्या साध्या हायड्रोकार्बनमध्येही असतो. खूण जुळली म्हणून ओळख पटली असे होत नाही. इतर कोणाचीही ती खूण नाही, हे दाखवावे लागते. खगोलशास्त्रज्ञांच्या मोठ्या समुदायाने तो निष्कर्ष स्वीकारला नाही, त्याचे कारण हेच.

पुढे हॉइल यांचे शिष्य जयंत नारळीकर यांनी त्याच गृहीतकाची परीक्षा घेण्यासाठी वेगळा मार्ग धरला. त्यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी २००१ मध्ये हैदराबादहून बलून सोडण्यात आला आणि ४१ किलोमीटरपर्यंतच्या उंचीवरून हवेचे नमुने निर्जंतुक नळकांड्यांत गोळा करण्यात आले. २००५ मध्ये दुसरे उड्डाण झाले. त्यातून जीवाणूंच्या तीन नव्या प्रजाती मिळाल्या व एकीला हॉइल यांचे नाव देण्यात आले. २००९ मध्ये हे जाहीर करताना भारतीय अवकाश संशोधन संस्थेने स्पष्टपणे सांगितले की या सूक्ष्मजीवांचा उगम पृथ्वीबाहेरचा आहे असे यातून निर्णायकपणे सिद्ध होत नाही. गृहीतक धाडसी असू शकते. निवेदनाने मात्र संयम सोडता कामा नये. मराठीत विज्ञान लिहिणाऱ्यांपुढे इतका मोठा आदर्श असताना ‘परग्रहावरचे जीवन आता हाताच्या अंतरावर’ असल्या भाषेला क्षमा नाही.

आता प्रश्न असा की ही वाचनाची शिस्त सामान्य वाचकापर्यंत पोहोचवायची कोणी? येथे नोएडाचे नाव घ्यावेच लागते. देशभर पाहिल्या जाणाऱ्या अनेक वृत्तवाहिन्यांचे स्टुडिओ या शहरातील फिल्म सिटीत आहेत. वर उल्लेखलेल्या वाक्याचा मोठा पुरवठा तेथूनच होतो. याच शहराच्या सेक्टर ६२ मध्ये ‘विज्ञान प्रसार’ ही केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची स्वायत्त संस्था होती. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने इंग्रजी व हिंदीतून ‘ड्रीम २०४७’ हे मासिक चालवले, पुस्तके काढली, ‘विपनेट’ या नावाने देशभरातील विज्ञान मंडळांचे जाळे विणले, आणि २०१९ पासून ‘इंडिया सायन्स’ ही इंटरनेट वाहिनी चालवली. २०२३ मध्ये ती बंद करण्यात आली. ज्या वर्षी मानवाने आजवरच्या सर्वांत थंड आणि खोल आंतरतारकीय बर्फाचा वर्णपट वाचला, त्याच वर्षी या देशाने असा वर्णपट लोकांना वाचून दाखवण्यासाठी उभारलेले घर मोडले. एकाच शहरातील दोन घरांपैकी गोंगाटाचे घर चालू राहिले.

या निर्णयाच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. त्यांच्या मते संस्थेची पोहोच मर्यादित होती, तिच्या लेखनाला सरकारी प्रसिद्धीचा वास येत असे, आणि तीच कामे करणाऱ्या इतर सरकारी यंत्रणा अस्तित्वात आहेत. यांतील पहिल्या दोन मुद्द्यांत तथ्य आहे. ‘विज्ञान प्रसार’चे सगळेच प्रकाशन वाचनीय होते, असा दावा कोणी करू नये. परंतु गावच्या ग्रंथालयात वाचक कमी येतात म्हणून ग्रंथालयाला कुलूप लावणे हा उपाय नव्हे. चांगली पुस्तके आणणे आणि वेळेवर दार उघडणे हा उपाय आहे. तिसऱ्या मुद्द्याचे उत्तर अधिक सरळ आहे. प्रत्येक संस्थेचा स्वतःचा प्रसिद्धी विभाग स्वतःच्या यशाची पत्रके काढतो. शोध कोणाचाही असो, त्यातील पुरावा तोलून सांगणे हेच ज्याचे काम, असे घर वेगळे लागते. ती जागा आज रिकामी आहे.

यावर दुसरा आक्षेप येतो: भडक मथळ्याने का होईना, मुले आकाशाकडे पाहतात, मग बिघडले काय? बिघडते ते असे. जो विद्यार्थी ‘जीवन सापडले’ या आशेने या क्षेत्रात येतो, त्याला तीन वर्षे एकाच खळग्याच्या तळाचा उतार मोजावा लागला की आपली फसवणूक झाली असे वाटते. ज्याला आधीच कोणी सांगितले असेल की हा उतार मोजणे हाच शोध आहे, तो टिकतो. शिवाय भडक बातमीचे खंडन सहा महिन्यांनी येते तेव्हा वाचकाच्या मनात उरते ते एवढेच, की शास्त्रज्ञ आज एक सांगतात आणि उद्या दुसरे. हा अविश्वास लशीच्या वेळी, भूकंपाच्या वेळी, दुष्काळाच्या अंदाजाच्या वेळी व्याजासह वसूल होतो.

सर्वांत मोठी किंमत मात्र भारताच्या स्वतःच्या संशोधनाने मोजली आहे. बातम्यांवरून असा समज होतो की अवरक्त खगोलशास्त्र हे इतरांचे काम आणि भारतीयांनी ते केवळ टाळ्या वाजवून पाहायचे. वस्तुस्थिती उलट आहे. वातावरणातील पाण्याची वाफ दूर अवरक्त प्रारण जमिनीपर्यंत येऊ देत नाही, म्हणून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९८०च्या दशकापासून १०० सेंटीमीटर व्यासाची दुर्बीण हैदराबादच्या बलून केंद्रातून ३० किलोमीटरहून अधिक उंचीवर पाठवली. १९९९ पासून तिच्यावर जपानी शास्त्रज्ञांचा फॅब्री-पेरो वर्णपटमापक बसवून आयनीभूत कार्बनची १५७.७ मायक्रॉनवरील रेषा टिपण्यात आली. नव्या ताऱ्यांच्या अतिनील प्रकाशाने तापलेला वायू ज्या रेषेच्या द्वारे आपली उष्णता गमावून थंड होतो, त्यांतील ही एक प्रमुख रेषा. वायू थंड झाल्याशिवाय आकुंचन नाही, आणि आकुंचनाशिवाय तारा नाही. असे बलून उतरतात तेव्हा त्यांची उपकरणे तेलंगण, कर्नाटक आणि महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या शेतशिवारांत हवाई छत्रीने येऊन पडतात. ‘आकाशातून पेटी पडली’ याची बातमी होते. त्या पेटीने वर जाऊन काय पाहिले, हे मात्र त्या शेताच्या मालकाला कोणी सांगितलेले नाही.

याच संस्थेने पुढे ‘आयआरएसआयएस’ या लहान उपग्रहाची कल्पना मांडली: १.७ ते ६.४ मायक्रॉन या पट्ट्यात आकाशाचे वर्णपटीय सर्वेक्षण. या पट्ट्यात पाण्याचा बर्फ येतो, कार्बन डायऑक्साइडचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा बर्फही येतो. म्हणजे थंड मेघांची जवळपास सगळी बाराखडी. प्रयोगशाळेत त्याची प्रतिकृती घडवण्याचे काम झाले. उपग्रह मात्र अवकाशात गेला नाही. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेचा ‘स्फिअरएक्स’ ०.७५ ते ५ मायक्रॉन या पट्ट्यात, १०२ रंगांत संपूर्ण आकाश टिपण्यासाठी गेला, आणि मेघांतील बर्फाचा शोध हे त्याच्या तीन मुख्य उद्दिष्टांपैकी एक आहे. भारतीय माध्यमांनी त्याचे प्रक्षेपण दाखवले. तसाच विचार मुंबईच्या कुलाब्यात पूर्वीच मांडला गेला होता, हे किती बातम्यांनी सांगितले? ज्या प्रकल्पाचे नावही नागरिकाने ऐकलेले नाही, तो का रखडला असे विचारण्याचे लोकप्रतिनिधीला कारण उरत नाही. अज्ञानाचा खर्च अंदाजपत्रकात दिसत नाही, पण अंदाजपत्रकच त्याने ठरते.

या प्रकरणात शास्त्रज्ञांनाही निर्दोष सोडता येणार नाही. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातून आणि पुढे नोएडातील एका विद्यापीठातून थंड आंतरतारकीय मेघांतील रेणूंच्या ऊर्जापातळ्या आणि संक्रमणे यांची गणिते वर्षानुवर्षे प्रसिद्ध होत आली आहेत. नांदेडच्या किती महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना हे ठाऊक आहे? निबंध इंग्रजीत लिहून झाला की कर्तव्य संपले, अशी समजूत संशोधकांत रूढ आहे, आणि मूल्यमापनाची पद्धत तिला खतपाणी घालते. मराठीत लिहिलेल्या लेखाला बढतीच्या अर्जात रकाना नाही. ‘सृष्टिज्ञान’ १९२८ मध्ये सुरू झाले आणि मराठी विज्ञान परिषद १९६६ मध्ये स्थापन झाली. एवढी परंपरा असलेल्या भाषेत वर्णपटासाठी शब्द नाहीत, ही सबब चालणार नाही. शब्द आहेत; ते वापरायला लावणारी व्यवस्था नाही.

मागण्या मोठ्या नाहीत. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या प्रत्येक संशोधन संस्थेने आपल्या महत्त्वाच्या निबंधाबरोबर एका तरी भारतीय भाषेत, पुराव्याची ताकद स्पष्ट सांगणारे दोन पानी निवेदन काढावे, आणि ते लिहिणाऱ्याला त्याचे श्रेय मिळावे. विज्ञानाची बातमी देणाऱ्या प्रत्येक माध्यमाने मूळ आलेख दाखवावा. तो दाखवता येत नसेल तर ती बातमी एक दिवस थांबली तरी आकाश कोसळणार नाही. सेक्टर ६२ मध्ये जे काम थांबले, ते पुन्हा सुरू व्हावे. नाव जुने असो वा नवे, पण ते मंत्रालयाच्या प्रसिद्धीपासून स्वतंत्र असावे आणि मराठीसह सर्व प्रमुख भाषांत चालावे.

आणि विद्यार्थ्यांनी, सरकार जागे होण्याची वाट न पाहता, एक काम आजपासून करावे. पुढच्या वेळी ‘अवकाशात अमुक सापडले’ ही बातमी समोर आली की ती पुढे पाठवण्याआधी तिला सुरुवातीचे पाच प्रश्न विचारावेत: वायू की बर्फ, तापमान किती, तरंगलांबी कोणती, पर्याय कसे वगळले, आणि काय सापडले नाही. जेम्स वेबचे अनेक वर्णपट आणि त्यांवरील निबंध कोणालाही विनामूल्य उघडता येतात. ४.६७ मायक्रॉनवरचा तो खळगा एकदा स्वतःच्या डोळ्यांनी शोधून पाहिलेल्या विद्यार्थ्याला कोणत्याही स्टुडिओतला मथळा सहजी फसवू शकणार नाही.